गाडी गळतेय... पण कुठून?
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

सकाळी सगळे कॉलेजला गेले की आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा चक्कर मारा. फरशीवर काळे डाग दिसतील. कुणाची गाडी कुठे लागते हे त्या डागांवरून सांगता येतं. गेल्या वर्षी त्यातला सगळ्यात मोठा, चांगला पोळीएवढा डाग माझ्या गाडीचा होता. वॉचमन काका रोज सकाळी त्यावर माती टाकायचे आणि रोज मला ऐकवायचे. शेवटी रेक्टर सरांनी सांगून टाकलं, एक तर गाडी दुरुस्त कर, नाही तर गेटबाहेर लाव.

आता थोडं गाडीबद्दल. २००७ सालची शंभर सीसी, फोर स्ट्रोक, किकवाली. आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. रांजणगावात खोली करून त्यांनी १४ वर्षं या गाडीवर एमआयडीसीत ड्युटी केली. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. मग ते गावी वैजापूरकडे शेतीला परत गेले आणि मी इथे ॲडमिशन घेतल्यावर गाडी परत वाळूजला आली. फक्त चालवणारा बदलला.

वाळूजमध्ये राहून इंजिनाबद्दल अडाणी राहायचं म्हणजे नाशकात राहून द्राक्ष न चाखण्यासारखं आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्यामागे पार्ट बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या आल्या, एन्ड्युरन्स, वॅरॉकसारख्या इथेच वाढल्या, बजाजनगर वसलं. इथे चहाच्या टपरीवर शेजारी उभा असलेला माणूस पिस्टन नाही तर क्लच प्लेट बनवत असतो. आणि मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, थर्मलमध्ये बरे मार्क, पण स्वतःच्या गाडीचं तेल कुठून गळतंय ते मला सांगता येत नव्हतं!

एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी खाली वाकून एकदा बघितलं, बोटाने तेल पुसलं आणि म्हणाले, "इंजिन उतरवावं लागेल. सगळे पॅकिंग, सगळे सील. सहा हजार धरून चाल." गाडी विकली तर बारा-तेरा हजार येतील. आण्णांना फोन केला. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "मंग इकून टाक. लई झाली तिची."

मी विकली नाही. तेल टाकत राहिलो. गळतंय म्हणून दर आठवड्याला थोडं, आणि भीतीपोटी जरा जास्तच.

जूनच्या शेवटी, आषाढीच्या आधीच्या आठवड्यात, पहिला बरा पाऊस झाला त्या संध्याकाळी ओअ‍ॅसिस चौकात डावीकडे वळताना मागचं चाक एकदम निसटलं. वेग वीस-पंचवीसचा असेल. मी आणि गाडी दोघंही आडवे. मागून येणारा टेम्पोवाला वेळेत थांबला म्हणून हा लेख लिहितोय. कोपर आणि गुडघा सोलला, इंडिकेटर फुटला. गाडी उचलली तेव्हा दिसलं, मागच्या टायरची डावी बाजू तेलाने चमकत होती. पुढच्या स्पॉकेटजवळ गळणारं तेल चेनवर पडत होतं, चेन ते मागे नेत होती आणि तिथून ते टायरवर उडत होतं. चेन डावीकडे, तेल डावीकडे, आणि मी डावीकडे झुकलेलो. तोपर्यंत मला वाटायचं की तेलगळती म्हणजे फार तर फरशी खराब.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये फिटिंग सेक्शनच्या सरांना लंगडत जाऊन सगळं सांगितलं. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "धुतली का?"

"नाही सर."

"मग कुठून गळतंय हे त्या मिस्त्रीला तरी कसं कळलं? आधी धू. मग बघ. मग बोल."

या तीन शब्दांत निम्मं डायग्नोसिस आलं. तेल जिथे थेंब होऊन पडतं तिथून ते बहुतेक वेळा गळत नसतं. वरून निघतं, फिन्समधून ओघळतं, वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि इंजिनाच्या सगळ्यात खालच्या टोकाला जमून तिथून टपकतं. म्हणून प्रत्येकाला वाटतं की ड्रेन बोल्ट गळतोय. बिचारा ड्रेन बोल्ट! खरी जागा शोधायची तर ओलं असलेलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ठिकाण बघायचं. पण सहा महिन्यांचं तेल आणि त्यावर वाळूजची धूळ बसून जी काळी पपडी होते, तिच्यात वरचं काय आणि खालचं काय, काहीच समजत नाही.

म्हणून रविवारी गाडी धुवायला काढली. इंजिन पूर्ण थंड. कार्बोरेटर आणि वायरिंगच्या जोडांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश, मग साबणाचं पाणी, मग फडक्याने कोरडं. (पेट्रोलने धुवू नका. वाफ लांबपर्यंत पसरते आणि ठिणगीला एवढंसं निमित्त पुरतं.) मागचा टायर साबणाने दोनदा घासला. पुढच्या स्पॉकेटचं कव्हरही काढलं, आतला चिखल-ग्रीसचा लगदा खरवडला. नंतर इंजिनावर सगळीकडे साधी टाल्कम पावडर भुरभुरली, फक्त हवा ओढणारी जागा सोडून. रूम पार्टनर म्हणाला, गाडीला आंघोळ घातलीस, आता गंध पण लाव.

पावडरची गंमत अशी की कोरडी जागा पांढरी राहते आणि तेल फुटलं की काळी रेघ उमटते. रेघेचं वरचं टोक पकडायचं. गाडी स्टँडवर दहा मिनिटं चालू ठेवली, मग वाळूज गावापर्यंत जाऊन आलो आणि रात्री खाली जुना पेपर पसरून त्यावर इंजिनाचा पुढचा-मागचा भाग पेनाने लिहून ठेवला. नुसतं उभं असताना गळणं आणि चालताना गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्ही बघायच्या.

निकाल विचित्र आला. एक नाही, तीन जागा! पुढच्या स्पॉकेटमागे ठळक रेघ, गिअर लिव्हरच्या शाफ्टजवळ बारीक, आणि उजवीकडे क्लच कव्हरच्या खालच्या कडेला ओल. मला वाटलं, मिस्त्री बरोबर बोलत होते, इंजिनच गेलं.

सरांना सांगितलं तर ते हसले. "तीन सील एका महिन्यात एकदम मरतात का रे? साथ आली होती का?" आणि विचारलं, "ब्रीदर बघितला?"

इथे जरा थांबून आत काय चालतं ते सांगतो, कारण सगळ्या लेखाची किल्ली इथेच आहे. इंजिनाच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये, तेल असतं आणि तेलाच्या वर हवा असते. सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन खाली आला की त्याच्याखालची साधारण १०० सीसी हवा दाबली जाते, वर गेला की तेवढीच जागा मोकळी होते. इंजिन ५००० आरपीएमला असेल तर हे सेकंदाला ८०हून जास्त वेळा घडतं. दोन किंवा चार सिलिंडरच्या इंजिनात एक पिस्टन खाली येतो तेव्हा दुसरा वर जात असतो, त्यामुळे हिशेब थोडाफार जुळतो. आपल्या एकट्या पिस्टनला जोडीदार नाही. त्यात रिंगांच्या फटीतून ज्वलनाचा थोडा गॅस कायम खाली उतरत असतो. जुन्या इंजिनात जास्तच. या सगळ्याला बाहेर पडायला एक नळी दिलेली असते, ती ब्रीदर. ती बंद झाली तर आत दाब वाढतो आणि तो जिथे कमकुवत जागा सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. सीलची ओठासारखी रबरी कड शाफ्टवर हलकेच टेकलेली असते, मागून बारीक स्प्रिंगने धरलेली. उडणारं तेल अडवणं हे तिचं काम, फुगा धरून ठेवणं नव्हे.

बहुतेक गाड्यांत ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या डब्यात जाते. माझ्या गाडीची मात्र कुणीतरी कधीतरी काढून खाली मोकळी सोडली होती. तिचं टोक बघितलं तर आत माती. कडक, गुळगुळीत, पद्धतशीर भरलेली माती! मे महिन्याच्या सुट्टीत गाडी गावी गोठ्याशेजारी उभी होती, तेव्हा कुंभारीण माशीने त्या नळीत घर केलं होतं. आण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

नळी सायकलच्या स्पोकने साफ केली आणि परत फिल्टरच्या डब्याला जोडली. मग तेलाची पातळी बघितली. इथे माझी स्वतःची चूक सापडली. गाडी साइड स्टँडवर तिरकी ठेवून मी डिपस्टिक बघायचो, त्यामुळे चुकीची पातळी दिसायची आणि मी वर आणखी ओतायचो. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर पाहिजे, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं. आणखी एक, बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा. माझ्या गाडीत वरच्या खुणेपेक्षा बरंच जास्त तेल निघालं. जास्त तेल म्हणजे हवेला कमी जागा, म्हणजे आणखी दाब. गळती थांबवायला मी जे करत होतो त्यानेच ती वाढत होती.

तेल बरोबर केलं, पुन्हा धुतली, पुन्हा पावडर. गिअर शाफ्ट कोरडा. क्लच कव्हर जवळजवळ कोरडं. स्पॉकेटमागची रेघ बारीक झाली पण राहिली. म्हणजे ते सील खरंच गेलं होतं. सहा हजारांच्या कामातून एक सील उरलं, चाळीस रुपयांचं.

आता ते सील का गेलं? वय हे एक कारण. उष्णतेने रबर कडक होतं, नखाने दाबलं तर दबत नाही. दुसरं कारण चेन. मी चेन ताणून घट्ट ठेवायचो, ढिली चेन आवाज करते म्हणून. घट्ट चेन मागचं चाक वर-खाली होताना पुढच्या शाफ्टला ओढते, बेअरिंगवर जोर येतो आणि सीलची कड एका बाजूने झिजते. चेन मध्यभागी बोटाने वर-खाली केली की साधारण २०-३० मिमी हलली पाहिजे. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतोच.

सील बदलताना आधी बघायचं की ते बाहेरून निघतं का. पुष्कळ गाड्यांत निघतं, काहींत आतून खाच असते आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं. माझ्या गाडीचं बाहेरून निघणारं होतं. तेल काढलं, स्पॉकेट काढलं, सीलच्या अंगात एक छोटा स्क्रू थोडासा फिरवला आणि पकडीने धरून ओढलं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, पण शाफ्टवर ओरखडा पडला की नवं सीलही गळणार. जुन्या सीलच्या कडेने शाफ्टवर चरा पाडलाय का तेही बोटाने चाचपून बघायचं. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. कडेला बोटभर तेल लावायचं आणि शाफ्टच्या दातांवर सेलोटेप गुंडाळायची, नाही तर दात ती कड कापतात. मग सीलच्या बाहेरच्या मापाचा सॉकेट ठेवून हळूहळू, सरळ, चारही बाजूंनी सारखं आत.

हे सगळं नीट झालं आणि मग मी माती खाल्ली. क्लच कव्हरला किंचित ओल होती ना? म्हटलं, बोल्ट जरा आवळून घेऊ. पान्याला पाइप लावून आवळले. तिसऱ्या बोल्टला तो एक क्षण येतो... हाताला एकदम हलकं लागतं. आटे गेले!

त्या एम-६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. म्हणजे १५ सेंमी पान्याच्या टोकाला जेमतेम ७ किलोचा जोर. आपल्याकडे मेस असूनही प्रत्येकाच्या हातात त्याच्या दुप्पट सहज असतो. बोल्ट स्टीलचा, केस ॲल्युमिनियमचा, भांडणात कोण हरणार हे उघड आहे. शिवाय जास्त आवळल्याने गळती थांबतच नाही. कागदी पॅकिंग बोल्टाजवळ चिरडतं, कव्हर दोन बोल्टांच्या मध्ये किंचित बाक घेतं आणि तिथूनच तेल येतं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे असतात हे पहिल्या वर्षी फिटिंगच्या जर्नलमध्ये मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, सही सकट. केसमध्ये नवे आटे पाडून हेलीकॉइल बसवावी लागली, सीलच्या कितीतरी पट पैसे गेले. कव्हरचं पॅकिंगही नवं टाकलं. जुनं खरवडताना ब्लेड वापरू नका, लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. आणि शेलॅक किंवा सिलिकॉन थापायचा मोह आवरा. कागदी पॅकिंग असेल तिथे बहुधा काहीच लागत नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला निघून तुटतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं.

मागे आम्ही एका कंपनीत व्हिजिटला गेलो होतो. तिथे कास्टिंगमध्ये हवा भरून दाब उतरतो का ते यंत्रावर बघत होते, कारण ओतकामात बारीक छिद्रं राहिली तर धातूतूनच तेल पाझरतं. तेव्हा मी जांभया देत होतो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो त्याचंच हे मोठं रूप, हे आता कळतंय.

गळतीचे आणखी काही प्रकार थोडक्यात. टॅपेट कव्हर किंवा टॅपेटच्या झाकणांची ओ-रिंग कडक झाली की वरूनच ओघळ येतो आणि गरम इंजिनावर जळका वास येतो. हे सगळ्यात सोपं आणि स्वस्त काम. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाकावा. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाची कडी दिसली तर ते इंजिनाचं नाही, फोर्कच्या सीलचं आहे, आणि पुढे डिस्क ब्रेक असेल तर त्यावर ते उतरण्याआधी काम करून घ्या. बाहेर एक थेंबही नाही, पण तेल कमी होतंय? मग सायलेन्सर बघा. सकाळी चालू करताना थोडा निळा धूर आला तर व्हॉल्व्हची सीलं, रेस केल्यावर सतत येत असेल तर रिंग-पिस्टन. हे मात्र गॅरेजचंच काम.

स्टाफपैकी काही सरांकडे अजून जुन्या टू-स्ट्रोक आहेत, त्यांचा हिशेब वेगळा. तिथे क्रँककेस हाच पंप असतो, ब्रीदर नसतो. क्लच बाजूचं क्रँक सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल आत ओढून जाळतं. फरशी स्वच्छ, तेल मात्र गायब आणि मागे धुराचा ढग.

किती गळती चालेल, असं बरेच जण विचारतात. ढोबळमानाने २० थेंबांना १ मिलि धरा. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब, ७२ मिलि. दोन आठवड्यांत एक लिटर. आपल्या बहुतेक गाड्यांत तेलच साधारण एक लिटर असतं! कव्हरच्या कडेला नुसती ओल असेल तर महिनाभर लक्ष ठेवा. थेंब पडत असेल तर काम काढा. टायरकडे किंवा ब्रेककडे जात असेल तर गाडी चालवूच नका.

दुकानात गळती थांबवणारं औषध म्हणून बाटली मिळते. ती रबर थोडं मऊ करते, काही दिवस बरं वाटतं. पण आपल्या गाड्यांत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि चारचाकीसाठीचं भलतंच काही टाकलं तर क्लच घसरतो. तेल घेताना डब्यावर जासो एमए लिहिलंय का बघा, ते अशाच ओल्या क्लचसाठी असतं. आणि काढलेलं काळं तेल नाल्यात ओतू नका. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं, आणि आपल्याकडचं खामचं पाणी पुढे नाथसागरात जातं. मी डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात टाकून आलो, त्यांच्याकडून ते गोळा करणारे येतात.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन वैजापूरला गेलो. आण्णांनी काही न बोलता गाडी स्टँडवर लावली, खाली वाकून बघितलं, मग शेतावर चक्कर मारून आले. विकायचा विषय परत निघाला नाही. ब्रीदरच्या टोकाला त्यांनी जाळीचा तुकडा बांधायला काढला होता, मी सांगितलं की आता नळी फिल्टरला जोडलीय.

पार्किंगमधला माझा डाग अजून आहे, तो जुना आहे. त्याच्या शेजारी सध्या एक नवा डाग वाढतोय, सेकंड इयरच्या कुणाची तरी गाडी आहे. त्याने हा लेख वाचला असेल तर टी-पाना आणि पावडरचा डबा माझ्या रूमवर आहे. पाना परत आणून द्यायचा.